चार गुणांचा प्रश्न

१

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला माझ्या तोंडून एक वाक्य निघालं आणि एका पोरीच्या मानेला फास बसला. उत्तरपत्रिका तपासता तपासता मी नुसतं म्हणाले, "हिला कुठून आलं हे?"

मी वत्सला देवरे. चौतीस वर्षं नाशिकच्या शाळांमधून इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त आहे. माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात, आणि ते खरं आहे. पण त्या दिवशी ती नको तिथे सुटली, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

साल दोन हजार एक, मे महिना. आदल्या जूनपासून सरकारने पहिलीपासून इंग्रजी सुरू केलं होतं आणि इंग्रजी शिकवणाऱ्या बायकांना एकदम भाव आला होता. गंगापूर रोडवरच्या एका अध्यापिका केंद्रात (नाव घेत नाही) एक फुकट जागा होती. दोन वर्षांचं शिक्षण, राहणं, जेवण, आणि पुढे संस्थेच्याच शाळेत नोकरी. एका जागेसाठी एक्केचाळीस मुली. केंद्राचे संचालक मल्हारी दरेकर यांची मुलगी वेदिकाही परीक्षेला बसणार होती. उद्या कुणी बोट दाखवायला नको, म्हणून पेपर बाहेरच्या माणसाने काढावा असं ठरलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं.

पंचवीस प्रश्न, प्रत्येकी चार गुण. शेवटचा प्रश्न मी मुद्दाम कुठल्याही गाइडात न मिळणारा घातला. 'ईक आउट' या क्रियापदाचा अर्थ सांगा आणि वाक्यात उपयोग करा. खरं सांगते, त्यात माझी मिजास होती. शब्दकोश पालथा घालून मी तो शोधला होता, आणि शनिवारी पेपर पोचवताना दरेकर सरांना म्हणालेही होते की शेवटचा प्रश्न कुणाच्या बापाला येणार नाही.

चाळीस मुलींना नाहीच आला. एकीला आला. मोहिनी भोये, गाव सुरगाण्याच्या पलीकडचा एक पाडा. तिचे चारपैकी चार, एकूण ब्याण्णव. वेदिका दरेकर नव्वदवर. म्हणजे ती जागा त्या एका प्रश्नावर मोहिनीकडे गेली होती, आणि नेमकं तेव्हाच माझ्या तोंडून ते वाक्य गेलं. समोर दरेकर सर चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला.

"बाई, कुणालाच येणार नाही असं तुम्हीच म्हणाला होतात," ते शांतपणे म्हणाले. "मग हिला पेपर आधीच मिळाला."

पुढचं सगळं अर्ध्या तासात झालं. मोहिनी शुक्रवारीच येऊन वसतिगृहात उतरली होती. जेवणाच्या बदल्यात तिने रविवारी ऑफिस झाडून दिलं होतं, आणि पेपरचं पाकीट त्याच ऑफिसच्या कपाटात होतं. दरेकरांनी तिला बोलावलं, समोर कोरा कागद ठेवला आणि लिहून घेतलं की मी पेपर आधी पाहिला, माझा अर्ज मागे घेते. नाहीतर पोलिसांत देतो म्हणाले. पोरीने सही केली. चार वाजता फळ्यावर निकाल लागणार होता. तिची सुरगाण्याची एसटी पाचला होती.

पाकीट उघडलंच गेलं नव्हतं एवढं दाखवलं की काम होईल, असं मला वाटलं. मी परीक्षेच्या खोलीतली कचऱ्याची टोपली उपडी केली आणि पाकिटाचं कापड बाहेर काढलं. ते टेबलावर उलगडून पाहिलं.

पाकीट खरंच उघडलं होतं.

२

ते पाकीट मी स्वतःच्या हाताने केलं होतं. पेपर आणि नमुना उत्तरं जाड मांजरपाटात गुंडाळली, दोन्ही तोंडं पांढऱ्या दोऱ्याने शिवली आणि एका तोंडावर लाखेचे तीन ठिपके दिले. दुसऱ्या तोंडाला लाख पुरली नाही. परत बाजारात कोण जाणार, म्हणून मी तशीच शनिवारी संध्याकाळी पाकीट नेऊन दिलं. आळस माझा, भोगणार ती पोर.

सोमवारी सर्वांसमोर सरांनी लाखेच्या बाजूने पाकीट कापलं होतं. ती बाजू जशीच्या तशी होती. पण दुसऱ्या तोंडाचा माझा बारीक टाका तिथे नव्हताच. त्याजागी तिरपे, लांब लांब टाके होते, दोरा दुहेरी. आणि दोन्ही कोपऱ्यांना चिमूटभर कापड मोकळं सोडून, पिळून, त्याला दोऱ्याचे दोन वेढे देऊन गाठ मारलेली.

हे काय आहे ते मला लगेच कळलं. माझं लहानपण लासलगावात गेलं. वडील कांद्याच्या मार्केटात तोलाईला होते. गोणी भरली की तिचं तोंड दाभणाने असंच शिवतात आणि हमालाला उचलता यावी म्हणून दोन्ही कोपऱ्यांना असे कान ठेवतात. कागदाच्या पाकिटाला कानांचं काही काम नाही. पण ज्याच्या हाताला ती सवय आहे त्याचा हात विचारून थोडाच थांबतो?

म्हणजे गोणी शिवणारा हात. मोहिनीचा असेल का? तिकडचे लोक मजुरीला कुठे कुठे जातात, कांद्यावरही जातात. हा विचार मनात आला आणि मला धड बसवेना.

३

मोहिनी वसतिगृहाच्या ओट्यावर ट्रंकेशेजारी बसली होती. सोबत तिची आई, भागीबाई. ती बिचारी निकाल ऐकायला म्हणून सकाळी आली होती आणि हे ऐकून बसली होती. माझ्याकडे तिने मान वर करून पाहिलंही नाही.

मी आडपडदा न ठेवता विचारलं की तू कधी कांद्याच्या गोण्या शिवल्यास का. ती म्हणाली, नाही. तीन वर्षं थंडी संपता संपता दोघी मायलेकी दिंडोरीच्या बाजूला द्राक्षांच्या पॅकिंग शेडमध्ये जातात. तिथे पुठ्ठ्याचे डबे असतात, चिकटपट्टी असते. सुईदोऱ्याचं काम नाही. मी तिला माझ्या पिशवीतली सुई ओवायला दिली आणि एक टाका घालायला लावला. साधा, चाचपडत घातलेला टाका, शाळेत शिकवतात तसा. माझा जीव थोडा भांड्यात पडला, पण पूर्ण नाही.

मग खरा प्रश्न विचारला. 'ईक आउट' तुला कुठे भेटलं?

"शेडमध्येच, बाई. द्राक्षं विलायतेला जायची. माल बघायला तिकडची एक बाई आली व्हती. डब्यात खाली आंथरायचा पांढरा कागद संपत आला, नवा मुंबईहून सोमवारी येनार. ती हा शब्द बोलली. मंग तिनं सोता कात्री घेतली, एकेका तावाचे दोन केले, कोपऱ्यात कातरन भरली. सोमवारपावतर पुरला कागद. मी तो शब्द हातावर लिवून घेतला."

तिच्या उत्तरपत्रिकेतलं वाक्यही तेच होतं. नवा कागद येईपर्यंत आम्ही कातरण घालून जुना पुरवला. शब्दकोशात ह्याचाच अर्थ 'तुटपुंजी वस्तू जपून, किंवा तिच्यात दुसरं काही घालून, पुरवणं' असा दिला आहे. माझ्या नमुना उत्तरात मात्र मी दुसरा, जास्त चालणारा उपयोग लिहिला होता, मोलमजुरी करून कसंबसं पोट भरण्याचा.

मी तिला जरा खोदलं. नुसतं काटकसर करणं आणि हे, यात फरक काय?

ती म्हणाली, "वस्तू कमी पायजे, आन कवापावतर पुरवायची ते ठरेल पायजे. सोमवार नसता तर ती नुस्ती काटकसर झाली असती."

चौतीस वर्षांत एकाही मुलीने मला एवढं नेमकं उत्तर दिलं नव्हतं. ही चोर नाही, याची मला खात्री पटली. पण माझी खात्री फळ्यावर थोडीच लावता येते? मी तिची उत्तरपत्रिका घेऊन दरेकरांकडे गेले आणि सांगितलं की हिने पाकीट फोडलं असतं तर माझंच नमुना उत्तर उतरवलं असतं. ते हसले. म्हणाले, "तुमचं उतरवलं तर पकडली जाईल, म्हणून प्रश्न रविवारी पाहून दुसरं उत्तर शब्दकोशात शोधलं. आमच्या वाचनालयात शब्दकोश आहे, बाई."

बोलणं बिनतोड होतं. घड्याळात एक वाजून गेला होता.

४

कपाटाच्या किल्ल्या तिघांकडे होत्या. स्वतः सर, कारकून वाल्मीक आणि वसतिगृहाच्या रेक्टर लंकाबाई.

लंकाबाई जेवायला बसल्या होत्या. मला पाटावर बसवून त्यांनी भाकरी वाढली. किल्ली त्यांच्या कमरेलाच असते, झोपतानासुद्धा. फावल्या वेळात त्या गोधड्या शिवून विकतात, खोलीच्या कोपऱ्यात दोन पडल्याच होत्या. मोहिनीबद्दल विचारलं तर म्हणाल्या की पोरगी झाडायला गेली तेव्हा दार त्यांनीच उघडलं होतं, झाडून होईपर्यंत त्या तिथेच उभ्या होत्या आणि कपाटाला कुलूप होतं. मग हे सरांना का नाही सांगितलं? त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाल्या की सरांनी विचारलंच नाही. नोकरीवर असलेल्या माणसाचं हे उत्तर मला चांगलं ओळखीचं आहे.

वाल्मीकची गोष्ट वेगळी. मी ऑफिसात पाऊल ठेवलं तसा तो फायली चाळायला लागला, पण वाचत काहीच नव्हता. गाव कुठलं विचारलं तर म्हणाला नामपूर. माझे कान टवकारले. नामपूरला कांद्याचं मोठं मार्केट. वडील काय करतात? मार्केटातच असतात. रविवारी कुठे होतास? इथेच होतो, म्हणाला, आणि त्याच्या कपाळावर घाम आला.

मी आवाज चढवला तसा तो ढेपाळला. रविवारी तो न सांगता गावी गेला होता, बायकोला मुलगा झाला म्हणून. किल्ली ऑफिसच्या खिळ्यावर टांगून गेला होता. सरांना कळलं तर नोकरी जाईल, एवढीच त्याला धास्ती. वडील मार्केटात असले तरी लिलावाच्या पावत्या फाडतात, गोणीला हात लावत नाहीत, असंही म्हणाला.

म्हणणारा काहीही म्हणेल. मला त्याचा हात बघायचा होता.

५

तीन वाजता संस्थेच्या मुख्य कार्यालयाची गाडी येणार होती. तिच्यातून उत्तरपत्रिका आणि मुलींचे अर्ज न्यायचे होते, तेही कापडात शिवून. मी सगळ्याचे तीन गठ्ठे केले, कापड आणलं, आणि एक गठ्ठा वाल्मीकपुढे सरकवला. दुसरा शिवायला लंकाबाईंना बोलावलं. तिसरा मी घेतला आणि उगाच दोरा शोधत बसले.

लंकाबाईंचा हात बघत राहावा असा. तांदळाएवढा टाका, पार कोपऱ्यापर्यंत, शेवटी कापड आत दुमडलेलं. कान बिन काही नाही.

आणि वाल्मीक. त्याने आधी दोऱ्याचा गुंता केला, मग सुई उलटी धरली, मग बोटाला टोचून घेतली. मला वाटलं सोंग करतोय. पण टाका घालताना त्याची जीभ बाहेर आली होती, आणि असं सोंग काही कुणाला जमत नाही. पाच मिनिटांत त्याचे सहा टाके झाले, त्यातले दोन गठ्ठ्याऐवजी शर्टाच्या बाहीत. माझा संशय असा माझ्या डोळ्यांदेखत फुसका निघाला. तीनला दहा मिनिटं कमी होती आणि माझ्याकडे आता एकही नाव उरलं नव्हतं.

तेवढ्यात दरेकर सर दारात आले. फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला होता. त्यांनी वाल्मीककडे पाहिलं, त्या सहा टाक्यांकडे पाहिलं, आणि त्यांना ते बघवेना. वाईट काम समोर चाललेलं बघून ज्यांचे हात शिवशिवतात अशी माणसं असतात. "हो बाजूला," म्हणाले, आणि त्याच्या हातातून गठ्ठा ओढून घेतला.

सफारी घातलेला तो माणूस खाली उकिडवा बसला. गठ्ठा दोन्ही गुडघ्यांत दाबला. दोरा दुहेरी केला. तिरपे, लांब लांब टाके, सप सप सप. दोन्ही कोपऱ्यांना चिमूटभर कापड मोकळं सोडलं, पिळलं, दोन वेढे, गाठ. दोरा दाताने तोडला. मिनिट लागलं नाही. मग दोन्ही कान धरून त्यांनी गठ्ठा उचलला आणि टेबलावर ठेवला.

मी पिशवीतून कचऱ्यातलं कापड काढलं आणि त्या गठ्ठ्याशेजारी पसरलं.

६

वाल्मीक आणि लंकाबाईंना मी बाहेर जायला सांगितलं. दोघंही गेले ते दाराबाहेरच उभे राहिले, ते असो.

दरेकरांनी दोन्ही शिवणींवरून बोट फिरवलं. मग म्हणाले की अशा गोण्या जिल्ह्यात हजार माणसं शिवतात.

"हजार शिवत असतील, सर," मी म्हणाले. "पण ह्या कपाटाच्या किल्ल्या तिघांकडेच आहेत, आणि तिघांचाही हात मी आज पाहिला. वाल्मीकची किल्ली रविवारी खिळ्यावर होती खरी. पण ती ज्या खोलीत होती, त्या खोलीची किल्लीसुद्धा तुम्हा तिघांकडेच. मोहिनी आत गेली ती लंकाबाईंसमोर, आणि तेव्हा कपाट बंद होतं. तिला टाका घालायला लावून मी बघितलंय."

मग माझ्या न शिवलेल्या गठ्ठ्यातून मी वेदिकाची उत्तरपत्रिका काढून उघडली. सकाळी जे डोळ्यांसमोर असून दिसलं नव्हतं ते आता दिसत होतं. उरलेल्या एकोणचाळीस जणींनी शेवटच्या प्रश्नावर काही ना काही ठोकून दिलं होतं. कुणी 'बाहेर ओरडणे' लिहिलं होतं, कुणी 'अंडी बाहेर काढणे'. चार गुण कोण सोडतं? एकट्या वेदिकाने तिथे पेन टेकवलं नव्हतं. आधीचे चोवीस प्रश्न जवळजवळ बिनचूक, आणि पंचविसावा कोरा. ज्याला प्रश्न आधी माहीत होता त्यालाच उत्तर लिहायची भीती. जिने पेपर पाहिलाच नव्हता ती बिनधास्त लिहून मोकळी झाली.

"तिला ह्यात ओढू नका," दरेकर म्हणाले.

पण वेदिका निकालासाठी बाहेर व्हरांड्यात उभीच होती, आणि दार उघडं होतं. ती आत आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "बाबांनीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "शेवटचा सोड, बाई म्हणाल्यात तो कुणालाच येणार नाही, तुला आला तर कळेल. मला नको होतं, बाबा. मी म्हणाले होते तुम्हाला."

दरेकर खुर्चीत बसले. मग ते बोलले ते माझ्याशी नव्हेच, मुलीशी. लासलगावच्या मार्केटात वयाच्या चौदाव्या वर्षापासून गोण्या शिवल्या. दिवसाला दोनशे. रात्रशाळा केली, कारकून झाले, इथवर आले, आणि त्यातलं अक्षरही कुणाला कळू दिलं नाही. आपल्या मुलीला कुणापुढे हात पसरावा लागू नये एवढंच मनात होतं. मला त्यांची कीव आली, हे लपवत नाही. पण गोण्या शिवून वर आलेल्या माणसाने डबे भरून वर येणाऱ्या पोरीच्या मानेवर पाय द्यावा, ह्याचा संताप त्याहून मोठा होता. मी म्हणाले, "तो कागद द्या. आणि निकाल तुमच्या हाताने लिहा."

त्यांनी खणातून मोहिनीची सही असलेला कागद काढून दिला. निकालपत्रक नव्याने करून, गाडी रवाना करून त्यांनी फळ्यावर तिचं नाव लिहिलं तेव्हा साडेचार झाले होते. मी वसतिगृहाकडे धावले. ओटा रिकामा होता.

७

रिक्षावाल्याला मी वाटभर इतकं हैराण केलं की अशोकस्तंभाला तो म्हणाला, मावशी, तुम्हीच चालवा. मेमधला मंगळवार, बाजाराची गर्दी, सिग्नलला उभ्या गाड्या. एसटी गेली असेल तर पाड्यावर फोन नाही, पत्र पोचायला आठ दिवस, आणि प्रवेशाची मुदत शनिवारची. मी मनात देवाला काय काय कबूल केलं ते आता सांगत नाही.

जुन्या सीबीएस स्टँडवर सुरगाण्याची गाडी फलाटाला लागलेली होती. कंडक्टर दार ओढत होता. मी पायरीवर पाय ठेवून उभी राहिले आणि म्हणाले, आता सोडा गाडी बघू. त्याने कपाळाला हात लावला.

दोघी मागच्या बाकावर होत्या. ट्रंक मांडीवर. मी धापा टाकत सगळं सांगितलं. पाकीट, गोणीचा टाका, दरेकर, फळ्यावरचं नाव. तो कागद मोहिनीच्या हातात दिला. तिने तो दोनदा वाचला, फाडला, तुकडे मुठीत धरले आणि रडायला लागली. सकाळपासून पहिल्यांदाच रडत होती. आजूबाजूचे लोक माना वळवून बघायला लागले.

भागीबाई मात्र जागची हलली नाही. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघितलं.

"त्या सायबाचं कळलं," ती म्हणाली. "त्याची पोर व्हती. पन बाई, तुमी तं मास्तरीन. पोरीला उत्तर आलं तं तुमाला नवल का वाटलं?"

मागे कंडक्टर घंटीच्या दोरीला हात घालून उभा होता. चाळीस जणींपैकी दुसऱ्या कुणाला ते उत्तर आलं असतं, वेदिकाला आलं असतं, तर मी शाब्बास म्हणाले असते. कुठून आलं, असं विचारलं नसतं. हे मला तेव्हाच, त्या बसमध्ये उभ्या उभ्या कळलं, आणि मान वर करायची लाज वाटली.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

भागीबाईने लेकीला बाकावरून उठवलं. मग ट्रंकेची एक कडी स्वतः धरली आणि दुसरी माझ्यापुढे केली.